पाठ केलेली अक्षरं

प्रिय दादा,

पाकीट बघून वहिनी म्हणेल, फोन असताना या माणसाने कागद कशाला काळे केले. फोनवर तू "हं, बरं" म्हणतोस आणि फोन बाबांच्या हातात देतोस. गेलं वर्षभर आपलं बोलणं एवढंच. त्यात तुझी चूक नाही. पण आता जे सांगायचं आहे ते तू मध्येच दुसऱ्याच्या हातात देऊ नयेस, म्हणून लिहितो. शिलाई मशीनवर बसून वाचू नकोस. दुकान बंद करून, निवांत वाच.

इकडचं नेहमीचं चाललं आहे. चष्म्याच्या दुकानामागची ती बिनखिडकीची खोली, काच घासणाऱ्या यंत्राची घरघर, नखांत बसलेली पांढरी राड. तुला सगळं ठाऊक आहे, निदान तुला ठाऊक आहे असं धरून मी इतकी वर्षं कधी नीट सांगितलं नाही. मुलगी आता माझ्या उंचीची झाली. मी आपल्या भाषेत विचारतो, ती इकडच्या भाषेत उत्तर देते, आणि दोघांनाही वाटतं की बोलणं झालं. तिकडे यायच्या सुट्टीच्या दोन महिने आधीपासून बायको बॅग उघडून बसते. फ्रिजच्या दारावर यादी लागते: कुणाकडे जायचं, कोण रुसेल, दाताचा डॉक्टर कधी, हिच्या माहेरी सहा दिवस. तीन आठवड्यांचे एकवीस चौकोन, आणि एकही मोकळा नाही. दादा, आमची सुट्टी म्हणजे शेजारून मागून आणलेलं भांडं. वापरायचं भीतभीत, आणि घासून वेळेवर परत करायचं.

त्या चौकोनांत एक दिवस आपल्या ओसरीवर डोळे तपासायचा. तुला सगळे हसून सांगायचे, "तुझा डॉक्टर आला रे, तक्ता टांग." मी कुठला डॉक्टर! दुसऱ्याने लिहिलेल्या नंबराची काच घासून देणारा कारागीर. पण गल्लीतली म्हातारी माणसं रांगेत बसायची, मी बॅगेतून तऱ्हेतऱ्हेच्या काचा काढायचो, आणि बाबा सगळ्यांत पुढे, स्वतः शिवलेला इस्त्रीचा सदरा घालून. अक्षरांचा तो तक्ता नेता-आणताना दुमडतो म्हणून मी तुमच्याकडेच ठेवून दिला होता. भिंतीवर, बाबांच्या खाटेसमोर. वर्षभर तो तिथेच असायचा, त्या एका दिवशी फक्त ओसरीत यायचा. यात काही चुकतंय हे मला, या धंद्यातल्या माणसाला, कळायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वीची सुट्टी आठव. त्या दिवशी तू कापड आणायला गेला होतास. बाबांना दहा फुटांवर बसवलं, एक डोळा झाकायला लावला. वरच्या ओळीपासून खालपर्यंत त्यांनी घडाघडा म्हटलं, शाळेत पाढे म्हणावेत तसं. आत्या म्हणाली, "बघा, पोरापेक्षा बापाची नजर तिखट." सगळे हसले. मी काच बदलायला खाली वाकलो, पंखा सुरू होता, तक्ता एकाच खिळ्यावर होता. मी मान वर केली तेव्हा तो वाऱ्याने उलटा फिरून भिंतीला चिकटला होता. समोर नुसता कोरा कागद. मी उठून सरळ करणार, तेवढ्यात बाबांनी दुसरा डोळा झाकला आणि सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी. शेवटची, बारीक अक्षरांची. एकही चूक नाही.

ओसरीत कुणाचं लक्ष नव्हतं. आत्या शेजारणीशी सुनेच्या तक्रारी करत होती. मी जवळ जाऊन बाबांच्या नाकावर चष्मा ठेवला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अगदी हळू विचारलं, "चुकलो का रे कुठे?"

मी म्हणालो, "नाही बाबा. सगळं बरोबर."

दादा, मी त्या क्षणी ओळखलं होतं. ते मान वळवून बघायचे, पाण्याचा तांब्या चाचपून घ्यायचे, आणि तू सांगायचास की हल्ली कापायला कापड घेत नाहीत, नुसती बटणांची काजं करतात. ती काजंसुद्धा ते बोटांनी करत होते. हे म्हातारपण नव्हतं, नंबरही नव्हता. पण यादीत नऊ दिवस उरले होते. त्यातले सहा माहेरचे, बाकीचे आधीच वाटलेले. शहरातला मोठा दवाखाना म्हणजे चार खेपा. मी मनाशी म्हटलं, पुढच्या सुट्टीत बघू. खरं सांगू? मला वाटलं, बाबांनी एवढी मेहनत करून पाठ केलं ते माझी सुट्टी दवाखान्याच्या बाकावर जाऊ नये म्हणूनच ना, मग त्यांचं मन कशाला मोडा. आपल्या सोयीच्या गोष्टीला माणूस किती चटकन दुसऱ्याची इच्छा म्हणतो!

इकडे परतल्यावर आमच्या दुकानातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना सहज म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, काचबिंदू असणार, आजच घरी फोन कर, गेलं ते येत नाही पण थेंब घालून उरलेलं वाचतं. मी फोन हातात घेतला. तू विचारलं असतंस, "तुला कधी कळलं? मग इथे असताना का नाही बोललास?" याचं उत्तर जुळवण्यात तो आठवडा गेला, मग महिना. पुढच्या वर्षी मुलीची परीक्षा म्हणून आम्ही आलोच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आलो, तेव्हा बाबा दाराच्या आवाजावरून माणूस ओळखत होते.

आणि मग मी काय केलं ते तुला विसरता येणार नाही. घर भरलेलं होतं. आत्या म्हणाली, "मुलगा जगाला चष्मे घालतो आणि बाप आंधळा. दिव्याखाली अंधार." ते मला झोंबलं, कारण ते खरं होतं. मी सगळ्यांसमोर तुझ्याकडे वळलो आणि म्हणालो, "मी वर्षातून तीन आठवडे इथे असतो. बाकीचे दिवस घरात कोण असतं?" वहिनी आत निघून गेली. तेव्हापासून गल्ली तुला "बापाकडे बघितलं नाही" म्हणते, आणि तू बाबांना न्हाऊ-माखू घालतोस, घास भरवतोस, आणि ते ऐकून घेतोस. बाबांनीही कुणाला खरं सांगितलं नाही. त्यांना वाटत असेल, पाठ करण्याचा गुन्हा त्यांचा. त्यांनी तुझ्यापासूनही लपवलं, दादा. तुला कळण्याची सोय नव्हती. मला होती, आणि कळलंही होतं. हे पत्र आत्याला वाचून दाखव. गल्लीत वाचून दाखव. बाबांना मात्र मी स्वतः सांगेन.

रोज सकाळी देवापुढे उभा राहतो. पूर्वी मागणं असायचं, आता नुसता उभा राहतो. क्षमा आधी ज्याची त्याच्याकडे मागावी, मग वर बघावं, असं आपल्या शाळेतले गुरुजी म्हणायचे. एवढं उमजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

तरीही, खरं सांगतो, हे सगळं मनात ठेवूनच मी मेलो असतो. एवढं धैर्य माझ्यात नाही. लिहायला भाग पाडलं ते गेल्या मंगळवारने. डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे तपासले. मलाही तेच आहे. उजव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे, आणि मला पत्ता नव्हता, कारण समोरचं अजून लख्ख दिसतं. हे रक्तातून येतं, त्या म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनी एक दिवसही थांबू नये. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहेस आणि तुझं पोट सुईच्या नाकावर आहे. सुईत दोरा जातो म्हणजे डोळे ठीक आहेत असं धरू नकोस. यात दुखत नाही, खुपत नाही. शहरातल्या दवाखान्यात येत्या एकोणीस तारखेला सकाळी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे, चिठ्ठी सोबत ठेवतो. डोळ्यातला दाब मोजायला सांग, नुसता नंबर काढून परत येऊ नकोस. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, फोन बाबांकडे देत जा. पण दादा, माझ्यावरचा राग स्वतःच्या डोळ्यांवर काढू नकोस. जा.

तुझाच, तुझा गुन्हेगार,
धाकटा