आधी नाक बघ

रविवार, ८ मार्च
ठरलं. भटकणं बंद. तीन वर्षांत सात गावं, नऊ नोकऱ्या आणि एक जहाज (चार दिवस, त्यातले तीन उलट्यांत) झालं. आता ताईकडे, मागच्या खोलीत, कायमचा मुक्काम. ताईला अजून सांगितलेलं नाही. तिची समजूत आहे की मी दोन दिवस आलोय.

ताईचा धंदा गवत कापायचा. एक छोटा ट्रॅक्टर आहे, पोटाखाली पाती असलेला. दवाखान्याची हिरवळ, दोन बंगले आणि शाळेचं मैदान. मैदान सगळ्यात मोठं, घर त्याच्यावरच चालतं. शनिवारी तिथे स्पर्धा आहेत. हेडमास्तरांनी बजावलंय, आठच्या आत मैदान साफ दिसलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू.

ट्रॅक्टर गळतो. मागच्या डाव्या चाकाच्या आतून, ॲक्सलमधून हायड्रॉलिक तेल. दिवसाला दोन थेंब. ताई खाली पत्र्याचा डबा ठेवते, सकाळी झाकणभर तेल वरून ओतते आणि कामाला जाते. ही काय पद्धत झाली? मी म्हणालो, दोन थेंबांना सोडलं की डोक्यावर बसतात, ही गळती मी मुळासकट उपटतो. ताई म्हणाली, अरे बाबा, शनिवारपर्यंत त्याला हात लावू नकोस, तुझ्या पाया पडते.
मोठी बहीण पाया पडते म्हणजे प्रकरण गंभीर आहे. उद्याच हात लावतो.

सोमवार, ९ मार्च. सकाळी १०
ताई कात्री घेऊन दवाखान्याचं कुंपण छाटायला गेली. मी हल्ला केला.
सीट उचलली. ॲक्सलच्या डोक्यावर, तेल ओतायच्या झाकणाच्या बाजूला, एक बारीक भोक! वर डुगडुगणारं टोपण. कंपनीवाल्यांनी भोक पाडलं आणि बुजवायचंच विसरले. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात नाही. टोपण उपटून फेकलं. पाइपांच्या फटी बुजवायची लांबी (पुट्टी) होती, ती मळून भोकात ठासली. वरून अंगठा दाबला. दहा मिनिटांत दगड झाली. अंगठ्याचा ठसा मस्त उठलाय, रेषान् रेषा. कारागिराची सही असावी.

सोमवार, दुपारी ४
ताई एक बंगला कापून आली. थेंबांची धार झालीय.
शत्रू खवळलाय. म्हणजे घाव वर्मी लागलाय.

मंगळवार, १० मार्च
निदान पक्कं: चाकाच्या आतलं रबरी सील मेलंय. घरात एक नवं पडून होतं. ताई म्हणाली, धार लागलीच आहे तर बदल, पण जपून.
जॅक लावला. चाक निघेना, गंजून दांड्याला चिकटलेलं. पाना लावून लोंबकळलो. पाना सटकला आणि थेट माझ्या नाकावर. रक्ताने शर्ट भिजला. मग मात्र मी घण घेतला. पुढचा तास काय झालं नीट आठवत नाही. चाक निघालं, जॅक मोडला, ट्रॅक्टर माझ्या बुटावर बसला (सुदैवाने बूट पायात नव्हता). जुनं सील छिन्नीने फाडून, चिंध्या करून बाहेर काढलं. त्यानंतरही राग उरला होता, म्हणून पाना खिडकीतून बाहेर फेकला. खिडकी बंद होती.
ट्रॅक्टर विटांवर चढवून नवं सील बसवलं. नाक बटाट्याएवढं झालंय. ताईने काचा गोळा केल्या, नव्या सीलकडे बघितलंसुद्धा नाही. कौतुक करायचा तिचा स्वभावच नाही.

बुधवार, ११ मार्च
सकाळी नवं सील उडालं. अर्धा तास चालला असेल ट्रॅक्टर, मग आतून फाट् आवाज, आणि तेलाची पिचकारी ताईच्या पायांवर. ताई म्हणाली, मुकाट्याने वळणावरच्या मिस्त्रींकडे जा, सील सारखं का उडतंय ते विचार, दोन नवी सीलं घे आणि सरळ घरी ये.
नऊला निघालो, तीनला पोचलो. मध्ये कालव्यावर एक जण गळ टाकून बसला होता, त्याच्याकडून गळ टाकायला शिकलो. बहुतेक तोच माझा खरा धंदा.

मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा काटकुळा माणूस, ताईच्या ट्रॅक्टरचं सगळं काम तोच करतो. सीलं माझ्या हातात दिली. मी कारण विचारलं. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, सारखं उडतंय? मग आधी नाक बघ. चोंदलं असणार. ते साफ कर, मग बोल माझ्याशी.

माझं नाक! सुजलेलं, कालच रक्त गेलेलं! मी म्हणालो, काय म्हणालात? तो म्हणाला, ऐकू येत नाही का रे, नाक, नाक.
मी चष्मा काढून खिशात ठेवला (मारामारीतही शिस्त हवी) आणि ठोसा मारला. पहिला मागे टांगलेल्या टायरच्या ट्यूबवर बसला, ट्यूब उलटून माझ्याच कानाखाली. दुसरा बरोबर त्याच्या नाकावर. तो टायरांच्या चळतीत बसला. मग हळूहळू उठायला लागला. उठताना त्याची जाडजूड मनगटं पहिल्यांदा दिसली. मला घरी उशीर होत होता, म्हणून निघालो. याला पळणं म्हणत नाहीत.
ताईने विचारलं, मिस्त्री काय म्हणाले? मी सांगितलं, कामाचं काही बोलले नाहीत.

गुरुवार, १२ मार्च
दोन सीलं एकावर एक ठोकून बसवली. डबल. बाहेरून तारेने आवळलं. आता बघू कोण कोणाला फाडतं ते.
ताई सकाळपासून शाळेच्या मैदानावर विळ्याने गवत कापतेय. एवढं मैदान, एक विळा. संध्याकाळी आली तेव्हा तळहातावर फोड, दोन फुटलेले. मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? ती म्हणाली, पाणी दे आधी.
विश्वास नाहीच. ट्रॅक्टरला एक सणसणीत लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं.

शुक्रवार, १३ मार्च. दुपारी २
आज सिद्ध करतो. ट्रॅक्टर मैदानावर नेतोय. अर्धं मैदान ताईने हाताने कापलंय, उरलेलं मी तासाभरात संपवतो. मग मागच्या खोलीचं कायमचं बोलून घेतो.

शुक्रवार, संध्याकाळी ६
मैदानाला उतार आहे. हे कोणी सांगायला नको?
दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसरीला दोन्ही सीलं तारेसकट उडाली, बंदुकीसारखी. सगळं तेल एका दमात बाहेर. तेल नाही तर हा ट्रॅक्टर पुढेही जात नाही आणि थांबतही नाही, नुसता घरंगळतो. मी ओरडत होतो. समोर गोलपोस्ट होता. आता नाही.

हेडमास्तर धावत आले. काय काय बोलले! पण मला ऐकू येत नव्हतं, कानात रक्त चढलं होतं. घण ट्रॅक्टरवरच ठेवलेला होता. बॉनेटवर उभा राहून घातला एक घाव. मग दुसरा. दिवा फुटला, बॉनेट खोलगट परात झालं. सात घाव मोजले. आठव्याला घण वर गेला तो खाली आलाच नाही. मागून ताईने धरला होता. त्या फोडांच्या हातांनी. म्हणाली, खाली उतर. एवढंच. मी उतरलो. तेल तिच्या पायाशी गवतात मुरत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी म्हणालो, ताई, उद्या मी... ती म्हणाली, गप्प बस.
आणि घण तसाच हातात घेऊन ती मिस्त्रीकडे चालत गेली.

शनिवार, १४ मार्च. सकाळी ११
सहाला मिस्त्री मैदानावर आला. नाकावर पट्टी. चाकाकडे गेलाच नाही, सरळ सीट उचलली, तार घेतली आणि माझी लांबी उकरली.
फुस्स! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बराच वेळ चालला.
मिस्त्री ताईला म्हणाला, ह्याला आम्ही नाक म्हणतो. आतली हवा तापली की इथून बाहेर पडते. हे कोणीतरी बुजवलंय, मग ती सील फाडून निघणार नाहीतर काय करणार? बुधवारी मी तुमच्या भावाला हेच सांगत होतो.
ताईने लांबीचा तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला. म्हणाली, तुझा अंगठा दाखव. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, दाखव. तिने ठसा माझ्या अंगठ्याला लावून पाहिला. रेषान् रेषा.

वीस मिनिटांत मिस्त्रीने एकच सील बसवलं, भोकावर नवं टोपण लावलं, तेल भरलं. थेंबसुद्धा नाही. ताई चेपलेल्या बॉनेटमागे बसली आणि सरळ ओळीत कापत गेली. आठला पाच कमी असताना शेवटची फेरी झाली. हेडमास्तर मैदानभर फिरले, म्हणाले, मैदान छान आहे, पुढच्या वर्षीही तुम्हीच या. आणि तो गोलपोस्ट? ताई म्हणाली, भावाने पाडला, मी उभा करून देते, भाऊ आज चारच्या बसने जातोय.
मला हे नवीनच होतं.

ताईने मिस्त्रीला मजुरी विचारली. तो म्हणाला, काही नको, फक्त बुधवारचा एक मला परत करायचाय. मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, करा की. आणि पुढे होऊन तिने स्वतः माझा चष्मा काढून हातात धरला.

मुळात एका जागी राहणं मला मानवतच नाही. गळ टाकणाऱ्याचा पत्ता घेऊन ठेवलाय. शिवाय ते भोक पहिल्यांदा मीच शोधलं होतं, हे कोणी लक्षातच घेत नाहीये.
पिशवी भरून पायरीवर बसलोय. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यावा लागतो. ट्रॅक्टरखालचा डबा आता रिकामाच, म्हणून ताईने तो माझ्या नाकाखाली धरायला दिलाय.
मिनिटाला दोन थेंब.