खिंडीकडची तुटक रेघ

१२ जानेवारी

प्रिय दादा,

एकवीस वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी वाच. आई ठणठणीत आहे, बाबांचे गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं ठीक.

आता बातमी! मी नकाशांच्या कचेरीत जुने नकाशे स्कॅन करते, हे मावशीने तुला सांगितलं असेलच. काल खालच्या खणात आपल्या डोंगराचा नव्वद वर्षांपूर्वीचा नकाशा निघाला. कडा कुरतडलेल्या, पण झरे, मेंढपाळांची खोपटं, उंचीच्या रेषा, सगळं जिथल्या तिथे. आणि खिंडीकडे जाणारी ती पायवाट, तुटक रेघेची. नकाशाखालीच बाबांची मोजणीची वही होती, ते याच कचेरीसाठी नकाशे काढायचे तेव्हाची! त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, ‘दरड कोसळली. पायवाट उरली नाही. नव्या नकाशात दाखवू नये.’

म्हणजे बाबा वर चढले होते, दादा. ‘घरी बसून रेघोट्या मारल्या’ असं तू भरल्या ताटावर म्हणालास, ते खोटं होतं. नव्या नकाशातली ती पायवाट धरून त्यांचे साहेब थेट कड्याच्या टोकाशी पोचले, बाबांचं डोंगरातलं काम सुटलं, आणि तूही घर सोडलंस.

मग नव्या नकाशात ती रेघ आली कुठून? हे लिहिण्याआधी मी दोनदा चहा करून आले.

ती मी ओढली. नऊ वर्षांची होते. काचेच्या टेबलावर जुना नकाशा, त्यावर ट्रेसिंग पेपर, खालून दिवा. बाबा जेवायला उठले होते. खाली पायवाट दिसत होती आणि वरच्या कागदावर नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. त्यांचंच पेन घेऊन मी ती पुरी केली आणि शाबासकीची स्वप्नं बघत बसले. तुमचं भांडण झालं तेव्हा मी दाराआड होते. सकाळी सांगू म्हटलं, आणि नंतर रोजच उशीर होत गेला.

काल बाबांना वही दाखवली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला.

“नकाशा छापून आला त्याच दिवशी कळलं मला. माझी रेघ इतकी सुबक कधी आली होती?”

मी रडले, मग आम्ही दोघंही हसलो. रविवारी जुन्या नकाशाची नक्कल घरी आणतेय. बाबांनी काचेचं टेबल आत्ताच पुसून ठेवलंय आणि भोवती तीन खुर्च्या मांडल्यात, तिसरी तुझी. तू रागाव, हवं तेवढं रागाव, फक्त माझ्यावर. त्यांच्यावर आता नको.

ती रेघ ओढणारी,
तुझी ठकी