आधीच्या बाईंचा कोट

सोमवार, ४ मार्च
नोकरी लागली एकदाची! प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या ऐसपैस, आणि सांभाळायला पांढरे उंदीर. ठकीला सांगितलं तर पोरगी घरभर नाचली. पाच वर्षांची आहे, तिला वाटतं आई सर्कशीत लागली. दिवसभर तिला मावशी बघणार, म्हणजे तोही घोर मिटला.

कामही समजलं. उंदीर घाबरला की त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेली इवलीशी पियूषिका ग्रंथी ताणाचं संप्रेरक रक्तात सोडते. ते आम्ही मोजायचं. एका गटाला अरुंद नळीत कोंडतात, दुसऱ्याला कुणी त्रास देत नाही. त्या निवांत गटाला मी रोज हातात घेऊन माणसाळवायचं. लाडोबाच ते! नव्या वासाने बिथरू नयेत म्हणून आधीच्या मदतनीस बाईंचा न धुतलेला कोटच मला दिला. मोठ्या मॅडम म्हणाल्या, उंदरांना त्याची सवय आहे. कॉलर कळकट. नाक मुरडत घातला.

शुक्रवार, ८ मार्च
निवांत गट कसला निवांत! त्यांचं संप्रेरक नळीतल्यांपेक्षा जास्त निघालं. मी आत गेले की सगळे पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला अंग चोरून बसतात आणि दाराकडे टक लावतात. मॅडमनी माझ्या हातांना नावं ठेवली. आकडे उतरले नाहीत तर दुसरी कुणी बघू, म्हणाल्या. आधीच्या बाईंचं विचारलं तर विषयच बदलला. शिपाई एवढंच बोलला, की शेवटी शेवटी त्यांची स्वतःची मुलंही त्यांच्याजवळ जाईनात.

मंगळवार, १२ मार्च
आता दाराकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे बघतात, सगळे एकाच जागी. वळले तर काही नाही. मान मात्र गार पडली. मला भीती वाटली, उगाच कशाला लपवू! कोट आंबला असेल, वासानेच बिचकत असतील. गुपचूप घरी आणलाय, धुवायला.

बुधवार, १३ मार्च
कोटाविना गेले आणि उंदीर तळहातावर झोपले! संप्रेरक अगदी खाली. मॅडमनी पाठ थोपटली. मी हवेत—

कोट घरी आहे.

फोन केला. मावशी म्हणाली, "अगं, मीच घातलाय भांडी घासायला, अंगावर पाणी उडतं ना. पण ठकीला काय झालंय बघ. मघापासून भिंतीला पाठ लावून बसलीय. माझ्या मागे काय बघते, कोण जाणे."

दुपार, घरी
मावशीच्या अंगातून कोट ओढून काढला. ओला आहे, पेटेना. फेकून कुठे— ठकी इथेच आहे. तिच्यामागे लागण्यापेक्षा माझ्या— मीच घातला. लिहीत राहिलं की भान राहतं.

ठकी आता मावशीच्या मागे बघत नाही.

माझ्या खांद्यावरूनही नाही. मग मागे कुणीच नाही. सुटलो—

सरळ माझ्या तोंडाकडे बघतेय. ये गं, म्हटलं. भिंतीला आणखी चिकटली.

ठकी, अगं मीच आहे. मी—