ठकीच्या फ्रॉकची कंबर

शनिवार, १४ तारीख
दुपारचे तीन

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना जिने चढू देऊ नकोस. मी वेळेवर जेवते, काळजी नसावी.

ठकी आत्ताच झोपली. खोलीत एकालाच राहू देतात, त्यामुळे दिवसभर आम्ही मायलेकी आणि ते टूं टूं करणारं सलाइनचं यंत्र. ती झोपली की बोलायला कोणी नाही. काल मी यंत्रालाच म्हणाले, "हो गं बाई, ऐकलं." फोन केला तर तुझ्या आवाजाने धीर सुटेल, म्हणून लिहिते आहे.

रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधांनी तिच्या यकृतातल्या बारीक शिरा तुंबल्या आहेत. रक्त पुढे सरकत नाही, पोटात पाणी साचतं. त्यावरचं औषध दिवसातून चारदा, दोन-दोन तास चालतं. प्यायचं पाणीसुद्धा मोजून. रोज सकाळी पोटावरच्या पेनाच्या खुणेवरून नर्स टेप फिरवते. पहिल्या दिवशी ती मला टेप धरायला शिकवू लागली, तर ठकी म्हणते, "आईला काय शिकवता? ती रोज लोकांची मापं घेते!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इथे आणण्याआधी तू व्हिडिओ फोनवर तिला बघून म्हणालीस, "पोट नको तेवढं पुढे आलंय, दाखवून आण." मी म्हणाले, "माझ्या लेकीच्या अंगी दोन घास लागलेले तुला बघवत नाहीत." फोन आपटला. मग तिच्या फ्रॉकची कंबर उसवून दोन बोटं सोडली, गुणगुणत. दुसऱ्या दिवशी ती घट्ट झाली, पुन्हा सोडली. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कपडे घट्ट होत होते का?" मी नाही म्हणाले. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नजरेने माप सांगणारी मी!

आज त्यांना खरं सांगितलं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. म्हणाल्या, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं. आता बघू." त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आजचं माप कालच्याइतकंच आहे. पहिल्यांदाच वाढलं नाही, पण उतरलंही नाही. उद्याचं कोणी सांगत नाही.

ठकी तोच फ्रॉक मागते आहे. पोट उतरेल असं धरून कंबर आत घ्यायला माझा हात धजत नाही, ताई. सुई धरायला मला तूच शिकवलंस. तुला आत सोडणार नाहीत, दाराच्या काचेशी उभं राहावं लागेल. रागावलेलीच ये, पण ये.

काचेच्या अलीकडून,
तुझी धाकटी