चेहरा शलूचा, आवाज कुणाचा

७ फेब्रुवारी
भोईवाड्यात ताईकडे. भाचीची, म्हणजे शलूची, तमिळ मालिका लावलेली. ताईला त्यातलं अक्षर कळत नाही. तरी सासू कशी कपटी आहे ते मलाच समजावत होती. आठ वर्षं पोरगी चेन्नईत नाव कमावतेय. तिकडे तिच्या नावाने साड्या विकतात. (इथल्या हिंदमाता बाजारात अजून नाही, ही ताईची खंत.) पण पडद्यावर बोलते दुसरीच. बाहेरून आलेल्या नट्यांना आवाज तिकडची बाई देते, असा रिवाज.
"तोंड माझ्या पोरीचं नि बोलणं परकीचं. घरात सवत आणून बसवल्यासारखं वाटतं रे."
उपमा शास्त्रात बसत नाही. मनात बसली.

९ फेब्रु.
शलूचा फोन. नव्या सिनेमाचं डबिंग स्वतःच करायचं म्हणते. निर्माता एक चाचणी घेणार.
तिथल्या साप्ताहिकाने तिला बोलकी बाहुली म्हटलंय म्हणे.
"बोलकी नाही रे मामा, नुसती बाहुली."

१४ फेब्रु.
रोज सकाळी व्हॉइस नोट. संवाद देवनागरीत लिहून घोकते. तमिळ मला ओ का ठो येत नाही. पण लहानपणी गीतापठणाला मीच बसवली होती, श्वास कुठे तुटतो ते कळतं. आज अकरा वेळा 'पुन्हा' म्हटलं.
"तेव्हा निदान श्रीखंडाची गोळी द्यायचास!"

२० फेब्रु.
चाचणी झाली. तिथले म्हातारे ध्वनिमुद्रक म्हणाले, उच्चार परका, पण बाई खरी वाटते. निर्माता म्हणतो, दोन्ही आवाज तयार ठेवू, मग बघू.
इकडे आमच्या पेपरच्या संपादकांना शलूवर मजकूर हवा. "भाची ना तुमची? चारशे शब्द द्या." दिले. 'प्रतिभावान' लिहिलं. मामाने लिहू नये म्हणून खोडलं. छापायला देताना पुन्हा घातलं.

२ मार्च
सिनेमाची झलक आली. ताईने अर्धी चाळ गोळा केली आणि स्वतः मात्र डोळे मिटून ऐकायला बसली. दीड मिनिट नुसते ढोल. शलू धावते, रडते, कुणाच्या तरी कानाखाली वाजवते. अक्षर बोलत नाही. शेवटी फक्त हसते.
ताई डोळे न उघडताच, "ही आमची."
"नुसत्या हसण्यावरून?"
"शेवटी नाकातून फुर्र केलं, ऐकलं नाहीस? बापाचं आहे ते. चेन्नईच्या बाईला कुठून जमणार?"
शलूला लगेच कळवलं. उत्तर आलं: हसणं माझंच ठेवलंय, मामा. बोलण्याचं अजून ठरत नाहीये.