सीडी प्लेयर आणि इनायतचाचा

३ नोव्हेंबर, सोमवार
आज परत आले इनायतचाचा! चाचा म्हणे — कुणाचे चाचा? कुरुंद्यात हळदीचा व्यापार करतात, दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात, एवढंच नातं. आमचा सीडी प्लेयर 'दुरुस्त' करून राहिलेत. अब्बा गेल्यापासून कपाटावर पडून होता, अम्मीने आत्ता काढला. सीडी घातली की फिरते, खरखरते, अडकते, पुन्हा पहिल्यापासून. चाचांनी कान लावून ऐकलं, छाती तपासावी तसं. म्हणाले, "आत धूळ हाय. बराबर करतो." वा! हे सांगायला मोबाईलवर एवढे व्हिडिओ बघितले!

५ नोव्हेंबर, बुधवार
झाकण उघडलं. स्क्रू हरवला. मग चाचा आणि अम्मी फरशीवर वाकून शोधत बसले. मी नाही. सापडल्यावर साहेबांनी सीडी वाचणाऱ्या आतल्या भिंगावर फुंकर मारली — पान खाल्लेल्या तोंडाने!

६ नोव्हेंबर, गुरुवार
चहा झाला. दुरुस्ती नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
कहर! भिंग ज्या दांडीवर पुढे-मागे सरकतं ती सुकलीय, तेल पाहिजे, असा शोध लागला. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि ओतलीच! भजी तळायची होती जणू. प्लेयर लावला तर तेल उडालं थेट चाचांच्या पांढऱ्या कुर्त्यावर. अम्मी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. अब्बा गेल्यापासून तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. आणि मला राग आला. काहून, माहीत नाही.
संध्याकाळी नळावर शेजारच्या नीलाबाई मला म्हणतात — "तुमच्याकडं मिस्त्री लई येऊन राहिला गं माहेनूर!" कळशी तिथेच आपटावी वाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार
ठरवलं, यांचं येणंच बंद करते. मी नर्स, दवाखान्यातून स्पिरिट आणलं. कापसाने सगळं तेल पुसलं. दांडीवरचं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, तेही काढलं. इअरबडने भिंग अलगद पुसलं. मग दांडीला पांढरं ग्रीस — बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. भिंग सरकवून पाहिलं, लोण्यासारखं जातंय! सीडी घातली. कव्वाली शेवटपर्यंत, एकदाही न अडकता.
अम्मीला म्हणाले, "झालं. आता चाचांना सांग, तकलीफ घेऊ नका."
वळून बघितलं तर अम्मी तिथे नव्हतीच. कव्वाली संपायच्या आधीच उठून आत गेली होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
चाचा फिरकले नाहीत. जिंकले मी! प्लेयर एकदम ठीक. लावत मात्र कुणीच नाही. अम्मी विचारलं तेवढंच बोलते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
भाकरी थापता थापता अम्मी म्हणाली, "प्लेयर बघायला मीच बोलावलं होतं त्यांना. ते म्हणत होते, मला यातलं काही येत न्हाई. मी म्हणले, या तरी." मग माझ्याकडे बघून — "निकाहचं विचारलंय त्यांनी. मी व्हय म्हणणार हाय. तुला विचारत न्हाई, सांगून राहिले."
तव्यावरची भाकरी करपायला लागली. मी उलटली.
मग विचारलं, "कधी?"