आबा, तुमचं धण्याचं पाणी

आबा, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. जळगावच्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली, ऊन पायावर येऊन बसतं. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच तुम्ही दिसता, ओट्यावर बसलेले, मांडीशी मडकं. फडक्यातून धण्याचं पाणी गळतंय, टप टप. डोळे उघडते तर सलाईन असते. परत मिटते, तर परत तुम्ही.

त्या साली शेतातून आलात आणि आईला हळूच म्हणालात, लघवी लाल व्हयनी. आई घाबरली, तुम्ही हसलात. "दुखस का? नई दुखस. उन्हाळी लागनी शे." रातभर धणे भिजवले, सकाळी गाळून प्यालात, चार दिवसांत साफ. मग काय, गावात ज्याला त्याला तुमचं पाणी. मी माहेरी आले की चिडवायची, "वैद्यबुवा, दारावर पाटी कधी लावता?" तुम्ही तांब्या पुढं करायचात, "तू पन पी, जीभ थंडी व्हई तुन्ही."

सहा महिन्यांनी परत लाल, परत मडकं, परत साफ. रक्त आपलं आपणच थांबत होतं आणि मान मडक्याला मिळत होता. पुढं कुशीत दुखायला लागलं, धोतर कमरेवर ठरेना, संध्याकाळी बारीक ताप. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट दाबलं तर किडनीची गाठ हाताला लागली. तोवर ती फुप्फुसात पोचली होती. "पहिल्यांदा लाल दिसलं तेव्हाच यायचं ना, बाबा." तुम्ही भिंतीकडं बघत म्हणालात, "पन दुखत नव्हतं ना, सायेब." पुढच्या दिवाळीला ओटा रिकामा होता.

माझी गाठ लिंबाएवढी आहे. डॉक्टरीणबाई तुमच्या नातीच्या वयाची. म्हणते, "मावशी, किडनीतच आहे, बाहेर गेली नाही. अशी काढली की बहुतेक माणसं बरी होतात. पण परत उगवू शकते, म्हणून तपासायला येत राहायचं." जमलं तर नुसती गाठ काढतील, नाहीतर किडनीच. मी म्हटलं, "काढा बाई. जोडीतलं एक गेलं की दुसरं निभावतं. मला सवय आहे, हे जाऊन नऊ वर्षं झाली." बिचारी हसू का नको अशी बघत राहिली.

भेटायला येतं ते म्हणतं, किती शहाणी, वेळेवर आली. पोरगी पण सगळ्यांना सांगते, आजोबांचं आठवलं म्हणून आई लगेच बोलली. तिला खरं ठाऊक आहे, माझी चूक झाकते. लाल दिसलं त्या दिवशी मला तुमचं मडकंच आठवलं, आबा, धुळ्याचे डॉक्टर नाही. पंधरा दिवस मी चोरून धणे भिजवले. थांबलं पण. मनात म्हटलं, जिंकले आबा. मग अमळनेरला पोरीकडं गेले, तिथं परत झालं, आणि तिच्या पांढऱ्या संडासात पाणी टाकायला विसरले. ती दारात उभी राहिली, पायात चप्पल घातली आणि माझी पण चप्पल पुढं सरकवली.

हा कागद मी घडी करून रिपोर्टाच्या पाकिटात ठेवते, तिथंच राहील. तुम्ही तेवढे रागवायचे नाहीत म्हणून तुम्हालाच सांगितलं. मला पण दुखत नव्हतं ना, आबा.